दारासमोरचा भराव

क्षयाचं इस्पितळ, टॅकोमा
ऑक्टोबर १९५४

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. माझा ताप उतरलाय. जेवण जातं, फक्त त्यात सीलचं तेल नसतं.

घराखालचा, दारासमोरचा समुद्र बुजवून घातलेल्या भरावाचे तू पाठवलेले फोटो मिळाले. एका फोटोच्या मागे लिहिलंयस, 'बघ, आपल्याला अंगण झालं.' खोलीत आपली त्लिंगिट भाषा बोलणारी मी एकटीच, म्हणून नर्सलाच दाखवले. म्हणाली, "बरं झालं, चिखल गेला. अलास्कातही आता रस्ते होणार." ओहोटीला त्याच चिखलात आपलं जेवण असायचं, हे तिला कुठे सांगत बसू?

माझी नेटी दगडांवर रिकामी बादली घेऊन उभी आहे. शिंपल्या आता कुठून आणता? पोरगी नीट खाते ना?

एका फोटोत भावोजींनी बोट नेहमीसारखी घराखालच्या खांबाला बांधलीय आणि खाली नुसती खडी. भरतीत वाहून जाईल म्हणून बांधली का, विचार त्यांना. मी हसले, मग खोकत बसले. घाबरू नकोस, तो हसण्याचाच खोकला होता.

इथे झोप लागत नाही. फळ्यांखाली पाण्याचा आवाज नाही. आता तुम्हालाही नसेल.

डॉक्टर म्हणतात, वसंतात घरी सोडू, पण फार चालायचं नाही. मी म्हटलं होतं, चालायचंय कशाला, बोट थेट आमच्या पायरीला लागते.

आता पाण्यापासून दारापर्यंत किती चालावं लागतं, ते कळव. तेवढं मी इथल्या व्हरांड्यात चालून बघते.

तुझी धाकटी,
लिडिया