विकायला सांगितलेली खुर्ची

प्रिय नॉर्ब,

ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणालास, "डार्लीन, तिथली थंडी आता सोसत नाही, माझी खुर्ची विकून टाक," आणि मी टोलेडोच्या उकाड्याचा विषय काढला. नंतरही तू विचारत राहिलास आणि दर वेळी माझ्या शेगडीवर काहीतरी उतू जात राहिलं. आता क्लबकडून विचारणा आली आहे. पुढच्या सीझनसाठी स्टेडियममधल्या आपल्या खुर्च्या ठेवणार की सोडणार, ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. तेव्हा तुला उत्तर देणं भाग आहे. फोनवर ते मला जमणार नाही, कारण तू मध्येच खोकतोस आणि मी पुढचं विसरते.

आधी टीमची बातमी. तिकडे ॲरिझोनात आपल्या स्टोकर्सचे फुटबॉलचे सामने दाखवत नाहीत म्हणे. शहाणे लोक आहेत. पहिला सामना आपण अगदी शेवटच्या मिनिटाला हरलो, तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. दुसऱ्यात आपण फेकलेला चेंडू आपल्याच माणसाच्या हेल्मेटवर आपटून समोरच्याच्या हातात अलगद जाऊन बसला, तेव्हाही नशीबच. ऑक्टोबर संपेपर्यंत लोकांनी नशिबाचं नाव घेणंही सोडलं. नवा कोच दर सोमवारी टीव्हीवर येऊन सांगायचा, पोरं मेहनत घेताहेत. घेत असतील बिचारी, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तर असा, की हातात चेंडू आला की तो कधी एकदा दुसऱ्याच्या गळ्यात मारतो असं त्याला होतं. तू असतास तर त्याच्यावर तासभर बोलला असतास. मी "पुरे आता" म्हटलं असतं, तरी बोलला असतास.

आपल्या मागच्या रांगेतल्या अर्नेस्टीनने मात्र एकही रविवार चुकवला नाही. बस चालवायचं सोडून तिला इतकी वर्षं झाली, तरी आवाज अजून मागच्या दारापर्यंत पोचणारा. "अरे पळ की मेल्या, तुझ्यासाठी बस थांबणार नाहीये!" हे ती आपल्याच खेळाडूंना ओरडते. तुला विचारत असते. नोव्हेंबरात पुढच्या रांगेतल्या तरुण पोरांनी डोक्यावर कागदी पिशव्या घातल्या, डोळ्यांपुरती भोकं पाडून. एक मलाही दिली. मला ते मागचं वाईट वर्ष आठवलं. तू एका अनोळखी माणसाच्या डोक्यावरची पिशवी काढून घेतलीस, म्हणालास, "आपण काय कुणाच्या घरात चोरी केलीय तोंड लपवायला?" आणि त्याच पिशवीत गरम सॉसेज घालून त्याला परत दिलंस. तो माणूस इतका गोंधळला की त्याने आभार मानले. मी माझी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली.

तुझी खुर्ची रिकामीच ठेवली होती, आता सांगून टाकते. वर उभी राहिलेली माणसं येऊन विचारायची, "इथे कुणी आहे का?" मी म्हणायची, "आहे. हॉट डॉग आणायला गेलाय." सीझनभर तू हॉट डॉगच आणत होतास. शेवटी अर्नेस्टीन म्हणाली, "अगं बाई, हॉट डॉग आणायला टेक्सासला गेला काय तो?"

आठवतंय, घटस्फोटाच्या वेळी वकीलबाईंच्या ऑफिसात घर मला दिलं, गाडी तुला, म्हातारा कुत्रा आपल्या लेकीला, पॉलाला, आणि सगळं कसं सुरळीत चाललं होतं? मग बाई म्हणाल्या, राहता राहिल्या स्टेडियममधल्या दोन खुर्च्या, त्या कुणीतरी एकाने घ्याव्यात. आपण दोघं एकदम "नाही" म्हणालो. त्या अख्ख्या वर्षात आपलं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट. तुझं म्हणणं, वडिलांनी हयातभर यादीत नाव लावून मिळवलेल्या त्या खुर्च्या. माझं म्हणणं, तुझ्या वडिलांनी मिळवल्या असतील, पण थंडीत त्या तापवल्या मी. बाईंनी चष्मा काढून आपल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, एकेक घेतलीत तर शेजारी बसावं लागेल?" आपल्याला कळत होतं. मान्य कोण करणार?

घटस्फोटानंतरचा पहिला रविवार मला अजून तस्साच दिसतो. तू नदीकडे तोंड करून बसलास, मी पार्किंगकडे. अर्नेस्टीनला वाटलं, आपल्या दोघांचीही मान आखडलीय. मधल्या सुट्टीपर्यंत एक शब्द नाही. मग आपल्या माणसाने मोकळ्या मैदानात, जवळपास कुणी नसताना, हातातला चेंडू पाडला. तू तोंडातल्या तोंडात म्हणालास, "गाढव." मी म्हणाले, "गाढवाचा अपमान नको." तू हसलास. मग थर्मॉस माझ्याकडे होता आणि कप तुझ्याकडे, म्हणून बोलणं भागच पडलं.

मी खूपदा विचार केलाय, घरात जे आपल्याला जमलं नाही ते तिथे कसं जमायचं. घरात भांडी कुणी घासायची, पॉलाला कुणी ओरडायचं, यातसुद्धा आपल्याला एकमेकांवर जिंकायचं असायचं. तिथे दोघंही हरणाऱ्यांच्याच बाजूचे. त्यात कधी लग्नं, बारशी, तुझ्या आईचं जाणं, माझं पार्लर बंद करणं, सगळं आपण त्या खुर्च्यांवरच एकमेकांना सांगितलं, बर्फ झटकत. पायाखाली पुठ्ठा टाकला की काँक्रीटचा गारठा वर चढत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तो पुठ्ठा दर वेळी तू आणायचास, हे मला यंदा डिसेंबरात कळलं, बोटं बधिर झाली तेव्हा. घरी येऊन पाय कोमट पाण्यात घातले आणि तुला मनसोक्त शिव्या दिल्या.

आता शेवटच्या सामन्याचं सांगते. तोवर आपण एकही जिंकलो नव्हतो, आणि आपल्यासारखीच एक टीम तिकडे पश्चिमेला होती, एक विजय घेऊन बसलेली. म्हणजे हा हरलो की सगळ्यांत तळाला आपण, आणि एप्रिलात कॉलेजातल्या नव्या पोरांमधून तळाच्या टीमला मिळते ती पहिली निवड आपली. यंदा तो पेनसिल्व्हेनियाचा पोरगा आहे, चेंडू फेकतो म्हणजे जिथे म्हणाल तिथे नेऊन ठेवतो. सगळं शहर हरण्यासाठी चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होतं. मीसुद्धा. तुला हे कधी पटायचं नाही. "हरायला बसायचं तर घरी सोफा काय वाईट आहे?" म्हणायचास. मी म्हणायची, तुला व्यवहार कळत नाही. यंदा म्हणायला तू नव्हतास, म्हणून मी अर्नेस्टीनशीच वाद घातला. पण तीही हरण्याच्याच बाजूची निघाली, त्यामुळे वादात काही मजा आली नाही.

स्टेडियम निम्मं रिकामं, सरोवरावरून बोचरं वारं. शेवटचे काही सेकंद, आपण दोन गुणांनी मागे, आणि कोचने तीन गुणांची किक खांबांमधून मारायला त्या नव्या पोराला पाठवलं, ज्याने सीझनभर खांबांच्या बाहेरच मारलं होतं. सगळे निर्धास्त झाले. लोक ब्लँकेटं गुंडाळायला लागले. पोराने मारली, चेंडू खांबावर आपटला, आणि आत पडला.

नॉर्ब, घरच्या टीमने सामना जिंकल्यावर एवढा मोठा उसासा मी कधी ऐकला नव्हता. पुढच्या पोराने डोक्यावरची पिशवी फाडून फेकली. अर्नेस्टीन किंचाळली, "अरे शुंभा, आजच कशाला?" आणि मी, जी सकाळपासून हरण्याचा जप करत होते, ती उठून उभी राहून ओरडत होते. मैदानातली ती दमलेली पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, तो किकवाला तर रडत होता, आणि मला इतका आनंद झाला की मी नेहमीसारखी उजवीकडे वळून तुझ्या खांद्यावर जोरात थाप मारली. हात खुर्चीच्या पाठीवर आपटला. हाताला लागलं म्हणून रडते असं मी अर्नेस्टीनला सांगितलं. खाली वाकून तिने मला नुसतं धरून ठेवलं, लोक निघून जाईपर्यंत.

त्या संध्याकाळी मी पॉलाला फोन केला आणि खडसावून विचारलं. लेक तुझ्यासारखी नाही, तिला खोटं बोलता येत नाही. तुझ्या फुप्फुसांबद्दल डॉक्टर खरं काय म्हणाले, ते तिने सांगितलं. तू खुर्ची थंडीमुळे विकत नव्हतास, हेही मग कळलं. काल मी क्लबला कळवलं. दोन्ही खुर्च्या सोडल्या. त्या अर्नेस्टीनच्या नातींना मिळतील असं तिने जमवलंय, दोघी आजीसारख्याच ओरडतात. तुझी एकटीच खुर्ची मी विकणार नव्हते, आणि तू नसलेल्या खुर्चीशेजारी बसून मी कुणाची टीम बघू? मी गुरुवारच्या विमानाने येते आहे. राहायला तिकडे पॉलाच्या घरातली वरची खोली मिळालीय, तेव्हा तू विचारात पडू नकोस, आणि नको म्हणायला फोनही करू नकोस, माझ्या शेगडीवर काहीतरी असेल. मी पुन्हा लग्न करायला येत नाहीये, तेवढी ताकद आता दोघांतही नाही. सप्टेंबरात आपली पोरं पुन्हा हरायला लागतील, आणि ते तू एकट्याने सोसायचं नाहीस. तेवढं सप्टेंबरपर्यंत थांब.

तुझीच,
डार्लीन