आतली मूठ

दि. ४ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

वीज गेली तर दार बंद राहावं की उघडावं? चार वर्षं इंजिनिअरिंग शिकले, पण याचं उत्तर मला येत नाही.

वृद्धाश्रमाच्या चौदा दारांना कार्डाने उघडायची सोय करण्याचं काम माझ्यावर आलंय. जुनी कुलपं तीच, फक्त चौकटीत, कुलपाची जीभ अडकते तिथे, कार्ड लावल्यावर विजेने सुटणारी पट्टी बसवायची. पण मागे एक विसराळू आजोबा एकटेच बाहेर पडून थेट हमरस्त्यावर सापडले. म्हणून व्यवस्थापक म्हणतात, आतल्या मुठी काढा, आतूनही कार्डच लागू दे. म्हणजे वीज गेली की एकतर सगळे आत अडकणार, नाहीतर सगळी दारं सताड उघडी. आमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाईक सांगेल तसं कर, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. आईला सांगू नका, उगाच घोर लावून घेईल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
खटपटी

दि. ९ मार्च

चि. खटपटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र आईनेच आधी फोडलं, तेव्हा सांगायचं राहिलं नाही. मी ते दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. एकजण किल्ली करायला आला होता, तो ऐकण्याच्या नादात किल्ली विसरूनच गेला.

विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण तुझ्या जन्माआधी एका गोदामवाल्याने चोरीच्या भीतीने आतली मूठ काढायला सांगितली आणि मी काढून दिली. पुढे तिथे आग लागली. आतला हमाल वाचला, पण दार बडवून बडवून त्याचे हात कामातून गेले. मला कोणी बोल लावला नाही. मीच लावतो. कुलूप बाहेरच्यासाठी असतं. आतल्यावर लक्ष ठेवायचं तर माणूस ठेवावा.

बाकी तू शिकलेली आहेस.

तुझे बाबा

दि. २६ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

संधिवाताच्या बोटांना गोल मुठी फिरत नव्हत्या, म्हणून लांब दांडीच्या बसवल्या. वीज असो वा नसो, बाहेरून दार बंद, आतून नुसती दांडी दाबायची. आतून कोणी उघडलं की सेविकांच्या खोलीत बॅटरीवरची घंटा वाजते. व्यवस्थापकांसमोर मेन स्विच पाडला आणि सगळ्यांत थकलेल्या आजींना बाहेर यायची विनंती केली. त्यांनी कोपराने दांडी दाबली, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी उठवलंत मला?"

व्यवस्थापक हसले. साहेब मात्र विचारत राहिले, उद्या कोणी बाहेर गेलं तर जबाबदार कोण?

आईला नमस्कार. दोघांचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुमची,
खटपटी

ता. क. जबाबदार अभियंता या रकान्यात माझं नाव लिहून, सही करून, कामाचा कागद साहेबांना सकाळीच देऊन आले.