चेअरमनच्या दारातली परात

चैत्र पौर्णिमा, संध्याकाळ

तोंड का आवरलं न्हाई मी? देवीच्या पालखीला पुढचा खांदा माझा. दारोदार बाया आमच्या पायांवर पाणी घालतात. यंदा प्यायलाच पाणी न्हाई, म्हणून आमच्या दारात बायकोनं माझे पाय भाकरीच्या परातीत ठेवायला लावले. "तेवढंच म्हशीला हुईल," म्हणाली.

पुढं सोसायटीच्या चेअरमनचं दार. गावाचा टँकर त्यांच्याच हातात. त्यांच्या सुनेनं भरली घागर उचलली तसा मी बोलून गेलो, "आधी परात आणा." हलगी थांबली. सुनेनं खरंच परात आणली.

चेअरमन माझ्या कानाशी म्हणाले, "हे पाणी घरी ने. उद्या तुमच्या आळीत टँकर येणार न्हाई."

आळीला काय सांगू? दोन्ही परातींचं पाणी म्हैस प्यायली. बायको लई खुशीत हाय. म्हणते, "उद्याबी पालखी असती तर!"