पसंतीक्रम एक आणि दोन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, लिफ्ट बसवणे व दुरुस्त करणे या कामातून निवृत्त, हे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शेहेचाळीस वर्षे संसार केल्यावर माणसाला दबाव कळेनासा होतो असे माझे वकील म्हणतात. ते वाक्य त्यांच्या जबाबदारीवर लिहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. उपदेश मात्र पुष्कळ केला आहे, तो सर्व याद्वारे रद्द करतो.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर माझ्या पत्नीला द्यावे. एवढे वाचून दाखवताच ती म्हणाली, "अहो, घर पहिल्यापासून माझ्याच नावावर आहे. तुम्ही काय देणार मला?" कागद काढून पाहिले, तिचे खरे निघाले. सबब मी तिला गॅलरीतली माझी आरामखुर्ची देतो, जी ती तशीही भंगारात काढणार आहे. बँकेत जे असेल तेही तिचेच.

कलम २. माझ्या मेहुण्याला, ज्याला मी पाठीमागे 'माहितीपत्रक' म्हणतो, विद्यापीठांच्या क्रमवारीचा त्याने आणलेला जाडजूड ग्रंथ परत करावा. मुलीची शाळा संपली त्या वर्षी "भाऊजी, वाचा तरी" म्हणून तो माझ्या मागे लागला होता. मी ग्रंथ कपाटाच्या डगमगत्या पायाखाली सारला. कपाट तेव्हापासून हललेले नाही, म्हणजे पुस्तकात दम होता हे मान्य करतो. काढताना कपाट धरावे.

कलम ३. हत्यारांचा डबा मुलीला. त्यावर माझ्या हाताखाली तयार झालेल्या फिटरचा फार दिवस डोळा आहे, म्हणून मी त्याला साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही. काळे शाईपेन, ज्याने मी जन्मभर लिफ्टची तपासणी-कार्डे भरली, ते नातीला.

कलम ४. हेही मुलीसाठी. यात वस्तू नाही, कबुली आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी तिला संगणकशास्त्र शिकायचे होते. प्रवेशाचा अर्ज एकच, त्यात विद्यापीठे पसंतीच्या क्रमाने लिहायची. आधी आम्ही दोघे जाऊन दोन विद्यापीठे पाहून आलो. मला संगणकातले ओ की ठो कळत नव्हते. पण बाप बरोबर गेला तर बापाने काहीतरी तपासलेच पाहिजे, या हट्टापायी मला कळते ते मी तपासले. म्हणजे लिफ्ट.

जुन्या विद्यापीठाची लिफ्ट मजल्याच्या चार बोटे खाली थांबली. मी ठेचकाळलो आणि लिफ्टमनशी तासभर भांडलो. तो तासभर मुलगी प्रयोगशाळेत एका प्राध्यापिकाबाईंशेजारी बसली होती. बाहेर आली ती उड्या मारतच. "बाबा, त्यांनी मला त्यांचा प्रोग्राम बंद पाडून दाखव म्हणून सांगितलं, आणि मी पाडला!" मी म्हणालो, "ज्यांना लिफ्ट मजल्याला लावता येत नाही, ते तुला काय शिकवणार?"

नव्या विद्यापीठाची लिफ्ट इतकी अलगद थांबली की तिच्यात उभे केलेले नाणे पडले नाही. तिथल्या प्रयोगशाळेत सगळ्या संगणकांवर खोळी होत्या. मुलीने विचारले, "हे सुरू कधी असतात?" मी मनात म्हणालो, काय निगा राखतात!

आमच्या घरची पद्धत अशी की कुठलाही महत्त्वाचा अर्ज आधी शिसपेन्सिलीने भरायचा आणि मग मी तो शाईने पक्का करायचा. कार्डे भरून भरून माझे अक्षर छापल्यासारखे झाले आहे, आणि त्याचा मला गर्व होता. मुलीने पेन्सिलीने जुने विद्यापीठ एकवर लिहिले, नवे दोनवर. मी शाईने लिहिताना नावांची अदलाबदल केली, पेन्सिल पुसून टाकली आणि अर्ज स्वतः नेऊन दिला.

नवे विद्यापीठ मिळाले. मुलगी म्हणाली, "जुन्यांनी नाही घेतलं मला." तेव्हा मी तोंड उघडायला हवे होते. उघडलेही. म्हणालो, "जाऊ दे, इथली लिफ्ट चांगली आहे."

त्या खोळी चार वर्षांत क्वचितच निघाल्या. ती वाचनालयात बसून आपली आपण शिकली. पुढे कधीतरी वरील फिटर मला म्हणाला, "मिस्त्री, ती लिफ्ट माझ्याकडेच होती. तुम्ही येणार असं कळलं, म्हणून घाबरून आदल्या दिवशी नीट लावून ठेवली. नाहीतर ती वीतभर वर थांबायची." म्हणजे मी विद्यापीठ निवडले ते माझ्याच दराऱ्यावर.

हसण्यासारखे इथपर्यंतच आहे. जुन्या विद्यापीठाने त्या वर्षी घेतलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याला मुलीपेक्षा अकरा गुण कमी होते. ती यादी वर्तमानपत्रात आली होती. मी कात्रण कापून हत्यारांच्या डब्याच्या तळाशी लपवले. मुलगी आजवर समजते की तिला नाकारले. नोकरीत मोठे काम समोर आले की "मला कुठे घेणार" म्हणून बाजूला होते. आणि परवा रविवारी ती नातीला सांगताना मी ऐकले, "पहिल्या नंबरला त्यांचं नाव नको लिहूस गं. ते आपल्यासारख्यांना घेत नाहीत." नातीला तेच विद्यापीठ हवे आहे. तिने नाव खोडले. मला माझी लाज वाटली.

कलम ५. वकिलांनी कलम ४ वाचून विचारले, "काका, हे उघडणार कधी?" मी म्हणालो, मी गेल्यावर. "आणि नातीच्या अर्जाची शेवटची तारीख?" शुक्रवार. मी शुक्रवारच्या आत आटपेन असे डॉक्टरांच्या दाखल्यावरून दिसत नाही. सबब कलम ४ हयातीतच अमलात आणतो.

पुरवणी, बुधवार. मुलगी आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. कात्रण घेऊन गेलो आणि कलम ४ तिला वाचून दाखवले. तिने कात्रणावर बोट ठेवून दोनदा पाहिले.

"अकरा?"

"अकरा."

"आणि मी पहिलं वर्षभर फोनवर रडायचे, ते तुम्ही नुसतं ऐकत होतात?"

तिने आत जाऊन दार लावून घेतले. मी जिन्यात बसून राहिलो.

तासाभराने ती बाहेर आली. माझ्याशी न बोलता तिने माझ्या खिशातले पेन काढले आणि आत जाऊन नातीच्या हातात दिले. म्हणाली, "पहिल्या नंबरला तुला हवंय तेच लिही. तुझ्या हातानं, आणि थेट शाईनं. लिहून झालं की आजोबांकडे देऊ नकोस."

अजून ती माझ्याशी बोलत नाही. तो हक्क मी तिला बिनशर्त देतो. किती दिवस वापरायचा ते तिने ठरवावे. माझ्या हयातीत संपला तर बरे वाटेल. पेन दिले गेले आहे, सबब कलम ३ मधील तेवढा भाग रद्द समजावा.

ठिकाण: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: १२ जून, गुरुवार

सही (वकिलांचे बॉलपेन मागून घेऊन केली)

आमच्या समक्ष सही झाली:
१. फिटर (इमारतीची लिफ्ट बंद असल्याने जिन्याने आलो, शनिवारी बघतो)
२. तळमजल्यावरचे औषधवाले