त्या बाईचं काय झालं?

गुरुवार, टिळकवाडी

आज वर्गात माझ्या पीएचडीतला इंग्रज इतिहासकार शिकवला. व्हिक्टोरिया राणीच्या काळी तिकडच्या जुन्या विद्यापीठांत शिकवणाऱ्यानं लग्न केलं की कॉलेज सोडावं लागे. यानं कॉलेज धरलं, ठरलेलं लग्न मोडलं. हे मी दरवर्षी कौतुकानं सांगते. आज येळ्ळूरची एक पोरगी उठली, "मॅडम, मग त्या बाईचं काय झालं वो?"

त्या बाईचं नावसुद्धा मला ठाऊक न्हाय. घरी येऊन सगळ्या वह्या चाळल्या, ती कुठंच नाही. आता चहा ठेवतानाही पाठीमागं उभी असल्यासारखी वाटते.

लग्न ठरलेल्या निपाणीच्या सुरेशला मीही म्हटलं होतं, पीएचडी होऊ दे, मग लग्न. सात वर्षं थांबला तो, मग लग्न राहूनच गेलं.

आणि मला तर कुणी नियमही घातला नव्हता.