माझ्या रक्ताचं माप

३ नोव्हेंबर १९५८
तोंडवलीकरांनो, डॉक्टर येतात, तुमचं रक्त नेतात, निकाल कुणीच सांगत नाही. तुमची ही तक्रार खरी आहे. मी, सुनीती, रक्त तपासायला आले आहे, आणि ही वही शेवटी तुमच्यापुढे उभी राहून वाचणार आहे.
कुडाळपासून मोटारीत धूळ खाल्ली, पण समुद्र दिसला आणि अंग हलकं झालं. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर काशिनाथ स्वतः सामान उचलायला आले. स्वयंपाकीण शेवंतीने गरम पेज वाढली. छान जागा!

८ नोव्हेंबर
कर्करोगाची पेशी हवा भरपूर असतानाही साखर आंबवते. त्यातून निघणारं आम्ल रक्तात उतरतं. दोन नळ्यांचा रंग शेजारी धरून मी ते ताडते: एकीत रोग्याचं रक्त, दुसरीत निरोगी माप म्हणून माझं. जबड्याला गाठ आलेला गंगाराम खवचटपणे म्हणाला, "रगात व्हरतास, पण सांगनास नाय. मच्छर तरी कानात भुणभुणता!" मी सांगितलं: तुझ्या रक्तातलं आम्ल माझ्या तिप्पट. बक्षीस लागल्यासारखा हसला.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरांचं नवं औषध सुरू होऊन पंधरवडा झाला. गंगाराम आता माझ्या दुप्पट. डॉक्टरांनी पेढे वाटले. माझी पेज हल्ली वेगळ्या पातेल्यात येते. किंचित कडू लागते. पाहुणीचा मान असावा.

२ डिसेंबर
दीडपट. तरी गंगारामला पाणीसुद्धा गिळवत नाही. आकडा सुधारतो आणि माणूस खंगतो, हे कसं? डॉक्टर म्हणाले, आकड्यावर विश्वास ठेवा. सोमवारपासून साऱ्या गावाला हे औषध, दवाखान्यातून वाटायच्या फुकटच्या पेजेतून, रोग होऊच नये म्हणून.

५ डिसेंबर
माझ्या पोलक्याच्या बाह्या सैल झाल्यात. आज माझ्याऐवजी शेवंतीचं रक्त माप धरलं. गंगाराम अजून तिप्पटच.
मग माझी नळी तिच्या शेजारी धरली.
मी दुप्पट.

६ डिसेंबर
शेवंती रडली. "डॉक्टरानी पुडी दिल्यानी. बायच्या पेजेत घाल, ताकदीचा आसा म्हणाले. तीच पुडी सोमवारी सगळ्यांच्या पेजेत घालूची आसा. माका काय ठावक गो!"
माप मीच, हे त्याला ठाऊक होतं. माप बिघडवलं की औषध गुणकारी दिसतं— आणि सोमवारपासून साऱ्या गावाचं रक्त माझ्यासारखं, मग निरोगी माप कुणाचं—

७ डिसेंबर, दुपार
बाहेरून कडी. मोटार बोलावली आहे, मला "विश्रांतीला" न्यायला. शेवंती खिडकीखाली आहे, वही तिच्याकडे टाकते. जिन्यावर पावलं—
तोंडवलीकरांनो, उद्याची पेज ओतून द्या. एक घोटसुद्धा पोरांच्या तोंडा—