उतारावरची कटकट

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तोच आवाज! घरामागच्या उताराशी गाडी फोर-व्हीलमध्ये टाकली, म्हणजे चारही चाकांना जोर दिला, की पुढून कट्-कट्-कट्. सपाटीवर अगदी शहाण्यासारखी गप्प. आज तर अर्ध्या चढावर मागची चाकं भुसभुशीत मातीत नुसती गरगरली. मधमाश्यांसाठी नेलेले पाकाचे डबे शेवटी हातानं वर नेले. चार फेऱ्या! पाठीचे तीनतेरा वाजले.

घरी आल्यावर ह्यांना पुसून घेतलं, भरवलं, गोळ्या दिल्या. हे खिडकीशी पडून उताराकडे बघत होते. म्हणाले, "डावं."

झटका आल्याला पाच महिने झाले. चार महिने नुसतं "हं" आणि "नाही". मी मधाच्या पेट्यांकडे जाणं पुन्हा सुरू केलं त्या आठवड्यापासून हा एक नवा शब्द. तोही चुकीचा! लुळा पडलाय तो उजवा हात. डावा धडधाकट आहे. "डावं नव्हे हो, डावा. डावा हात. आणि हलवायचाय तो उजवा!" व्यायामाचा चेंडू उजव्या मुठीत कोंबला. त्यांनी डाव्या हातानं काढून खाली टाकला. हट्टी.

६ मार्च, गुरुवार

गाडी मिस्त्रींकडे नेली.

"बाई, आवाज कसला? टिकटिक, खटखट की कटकट?"

"कटकट."

"मग ती घरोघर असते!" स्वतःच हसले. मी नाही हसले.

गाडी वर उचलली. पुढच्या सांध्यांची रबरं पाहिली, बेअरिंग हलवून पाहिलं, ऑइल पाहिलं. मग फोर-व्हीलमध्ये टाकून आवारात चार चकरा. गाडी मुकी!

"हब आठवणीनं लॉक करता ना?"

हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमधची ती गोल चकती. ती हातानं फिरवल्याशिवाय पुढून जोर मिळत नाही. हे मला विचारतात! "वीस वर्षं करते आहे," म्हटलं.

"रागावू नका. विचारावं लागतं."

९ मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन. "आई, गाडी विकून टाक. पेट्या देऊन टाक कुणाला तरी. पुढच्या रविवारी येतो, दोघांना घेऊनच जाणार."

म्हटलं, बाबांना हे घर सोडवणार नाही.

"आई, बाबा इथे काय, तिथे काय. त्यांना कुठे काही कळतंय?"

फोन ठेवला. डॉक्टरही तेच म्हणाले होते, जरा मऊ शब्दांत — कितपत समजतं ते सांगता येत नाही.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर बसले. "मी कोण, सांगा."

माझ्याकडे बघितलं. मग — "डावं."

उठून भांडी घासली.

१२ मार्च, बुधवार

कॉलेजात पदार्थविज्ञानाला पहिला वर्ग होता माझा. रड पुरे. कागदावर रकाने आखले — रस्ता, वेग, वळण, चालवणारा, आवाज. तीन दिवसांच्या नोंदी आठवून भरल्या. निष्कर्ष: मिस्त्री बसले की वाजत नाही, मी बसले की वाजते.

छान! चाळीस वर्षांनी पदवीचं चीज झालं.

१३ मार्च, गुरुवार

दमले. काही लिहायचं नाही.

१५ मार्च, शनिवार

मिस्त्री घरी आले. सगळं स्वतः केलं, उतार चढून गेले, उतरून आले, हब पुन्हा मोकळी केली. आवाज नाही. "गाडीला मी आवडतो, बाई. दुसरं काय सांगू!" चहा पिऊन गेले.

लगेच मी गाडी काढली. कट्-कट्-कट्! तशीच मागे घेतली आणि आत आले, तर हे पलंगाच्या कठड्यावर डाव्या हातानं धाडधाड मारत होते. पाण्याचा तांब्या लवंडलेला, चादर चिंब. "डावं! डावं!"

ओरडले मी. "एकदा सांगितलं ना, उजवा! पाच महिने मी ऊर फुटेस्तोवर राबते आहे, आणि तुम्हाला एक हात हलवायला नको!"

माझ्याकडे असे बघत राहिले, जसे मी पेटीतली चौकट उलटी बसवल्यावर बघायचे. मग भिंतीकडे तोंड केलं. चादर बदलू दिली, पण वळले नाहीत.

ओरडायला नको होतं.

चिरंजीवांना फोन केला. ये म्हटलं. आम्ही दोघं येतो. गाडीचंही बघ म्हटलं.

१६ मार्च, रविवार

तो दुपारी येणार, म्हणून पहाटेच पेट्यांकडे शेवटचं जायला निघाले. उताराशी उतरले. हब फिरवलं, आत बसले, दार लावलं. आणि थांबले. कशासाठी थांबले तेच कळेना. मग कळलं — दुसरं दार वाजायची वाट बघत होते!

मी उजव्या दारानं उतरायचे, हे डाव्या. मी माझ्या बाजूचं फिरवायचे, हे त्यांच्या. वीस वर्षं. महिनाभर मी माझं अर्धं काम चोख करत होते.

वळसा घालून पलीकडच्या चाकाशी गेले. तिथलं हब मोकळंच होतं. फिरवलं. गाडी सरळ वर गेली, हूं की चूं नाही.

हात डावा असतो. डावं असतं ते हब. शब्द अचूक होता.

उतरताना खिडकीत हे दिसले. अर्ध्या तोंडानं हसत होते.

चिरंजीवांना फोन — येऊ नकोस.

"का? काय झालं?"

"बाबांनी गाडी दुरुस्त केली."